सुई रुळेपर्यंत

एरवी या सदरात मला एका पानात आटोपावे लागते. दिवाळी अंकासाठी संपादकांनी थोडी सैल जागा दिली आहे, तेव्हा यंदा एका सुईची हकिकत सांगते. शिवणाची सुई नव्हे, रेकॉर्ड वाजवायची. ती आमच्या घरात कशी रुळली हे सांगायचे, तर माझे वडील आमच्या घरात कसे रुळत नव्हते, हेही ओघानेच आले.

'रुळणे' हे क्रियापद माझ्या फार आवडीचे. वर्गात मी मुलांना विचारते, मराठीत काय काय रुळते? मुले म्हणतात, केस खांद्यावर रुळतात, हार गळ्यात रुळतो. मग मागच्या बाकावरून कोणी म्हणते, शब्द भाषेत रुळतो. नवा जोडा पायात रुळतो आणि नवी सून सासरी रुळते, ही उदाहरणे मला स्वतःला द्यावी लागतात. हल्लीच्या मुलांचे जोडे पहिल्या दिवसापासून मऊ असतात, आणि सुनांविषयी बोलायची त्यांना अजून घाई नाही. गंमत अशी, की जोडा रुळतो म्हणजे एकटा जोडाच बदलतो असे नाही. थोडे कातडे जोड्याचे सैल होते, थोडे पायाचे घट्ट होते. शेवटी कोण कोणाला रुळले, ते सांगता येत नाही.

मी माहेरची मुरबाडची, सासर शहापूरचे. नकाशात दोन्ही तालुके एकमेकांना खेटून आहेत, पण मुरबाडच्या माणसाला शहापुरात आल्याबरोबर दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे आसनगावहून ऐकू येणारी आगगाडी. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे आमची झोप त्या आवाजाला सरावलेली नसते. दुसरी म्हणजे पाण्याचा अभिमान. तानसा, भातसा ही धरणे आमची, मुंबई पाणी पिते ते आमचे, असे शहापूरकर सांगतो. आणि त्याच तालुक्यातली गावे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. मला इथे रुळायला दोन वर्षे लागली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आम्ही एक महिन्याची मुदत दिली होती.

अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. मुरबाड तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. १९८४ साली पगाराची थकबाकी हाती आली, तेव्हा आईने सुचवलेले कपाट न घेता त्यांनी कल्याणहून एक रेकॉर्ड-प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर आणला. पुढल्या काही वर्षांत दीडएकशे तबकड्या जमल्या. आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर प्लेअरवरचे झाकण उघडले ते फक्त पुसण्यासाठी, आणि अशाच एका पुसण्यात फडक्याचा धागा सुईत अडकून तिची काडी वाकली. फडके कोणाच्या हातात होते, हे अजून ठरलेले नाही. कामाला येणाऱ्या बाई म्हणतात, अण्णांच्या. अण्णा काहीच म्हणत नाहीत.

गेल्या आषाढात त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. महिनाभर डॉक्टरांकडे खेपा होत्या, थेंब दिवसातून चारदा घालायचे होते. म्हणून त्यांना शहापूरला आणले. आले तेव्हा म्हणाले, "चार दिवस राहतो." तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तो पिशवी भरून दाराशी! बाहेर पाऊस असा, की समोरचा माहुलीचा किल्ला दोन दिवस दिसला नव्हता. "अहो, जाणार कुठे?" म्हटले, तर म्हणाले, "घरी. इथे मला काही काम नाही."

आणि ते खरे होते. ह्यांचे दुकान, माझे कॉलेज, चिरंजीवांचा अभियांत्रिकीचा अभ्यास. दिवसभर एका डोळ्याला पट्टी लावलेला माणूस परक्या खिडकीतून पाऊस बघत बसणार. तोड काढली ती चिरंजिवाने. रविवारी गाडी घेऊन तो मुरबाडला गेला आणि सरळगाव-किन्हवलीच्या खड्ड्यांतून प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि चार खोकी तबकड्या घेऊन संध्याकाळी परत आला. तबकड्या उभ्या ठेवायच्या, आडव्या नाहीत, हे आजोबांनी त्याला फोनवर तीनदा बजावले होते. पाकिटांवर बुरशीचे पांढरे ठिपके उठले होते, ते पुसण्यात आमचे दोन दिवस गेले.

सुईचा प्रश्न मात्र निघालाच. जुन्या कार्ट्रिजला बसणारी सुई आता कोणी करीत नाही. मुंबईच्या एका दुकानाने "हीच ती" अशी ग्वाही देऊन जी पाठवली, ती खाचेत शिरेना. शेवटी कार्ट्रिजच नवे घ्यायचे ठरले. जपानी बनावट, हिरवा रंग, वजन सहा ग्रॅम. एवढ्याशा डबीत बसून आले.

कार्ट्रिज म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी प्लेअर नव्हता त्यांच्यासाठी सांगते. प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला जी लहानशी चौकोनी डबी असते ती कार्ट्रिज. तिच्यातून एक बारीक काडी बाहेर डोकावते. काडीच्या टोकाला हिऱ्याचा कण, आणि डबीतल्या टोकाला इवलेसे चुंबक. तबकडीवरच्या रेघेला दोन भिंती असतात. आतल्या भिंतीत डाव्या बाजूचा आवाज कोरलेला, बाहेरच्या भिंतीत उजव्या बाजूचा. हिरा त्या भिंतींवरून घासत थरथरतो, काडी हलते, चुंबक हलते, शेजारच्या वेटोळ्यांत वीज उमटते. एवढ्यावर अख्खे गाणे! काडीला जागेवर धरून ठेवते ती एक रबराची कडी, आणि आमची पुढची सारी कथा त्या कडीची आहे.

बसवायचे काम चिरंजिवाने केले. पांढरी, निळी, लाल आणि हिरवी अशा केसासारख्या चार तारा चिमट्याने चार खुंट्यांवर चढवायच्या. मग कागदावर छापलेल्या आडव्याउभ्या रेघांवर डबी दोन ठिकाणी काटेकोर सरळ येते का, ते पाहायचे. मग वजन. या सुईने तबकडीवर बरोबर दोन ग्रॅमांनी टेकायचे असते. कमी झाले तर ती रेघेतून उडते आणि हिऱ्याने भिंत खरवडते. जास्त झाले तर रेघ झिजते. दोन ग्रॅम तोलायचे कशाने? अण्णा म्हणाले, "दोन ग्रॅम म्हणजे दोन मासे. सोनाराकडे जा." बारा माश्यांचा तोळा, हे आता कोणाच्या तोंडी नाही, पण हिशेब जवळपास बरोबर होता. पेठेतल्या आमच्या सराफांनी आपला छोटा काटा तासाभरासाठी दिला, वर विचारले, "जिन्नस कोणता आहे?" चिरंजीव म्हणाला, "गाणं." सराफ हसले नाहीत. सोने आणि हिरा दोन्ही त्यांच्या धंद्यातले.

त्या रात्री पहिली तबकडी लावली. अण्णा खुर्चीत ताठ बसलेले. दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "हा आवाज नव्हे."

मलाही तसेच वाटले. वरचे स्वर टोचत होते, 'स' आणि 'श' फुटल्यासारखे येत होते, तबला होता पण त्याला पोट नव्हते. इस्त्रीच्या नव्या कपड्यासारखा कडक, कोरडा आवाज. चिरंजिवाने इकडेतिकडे वाचून ठेवले होते. तो म्हणाला, "आजोबा, नवी आहे. आतलं रबर ताठ असतं. वीस-तीस तास वाजल्यावर मोकळं होतं."

"म्हणजे रुळायला हवी," अण्णा म्हणाले.

"हो."

"तीस तास?"

आणि इथे मी, पुढे जाऊन सांगते ते कबूल करून, एक खोटे बोलले. म्हटले, "पण रोज एकच तास वाजवायची, अण्णा. माहितीपत्रकात तसं लिहिलंय." अण्णांनी मनात भागाकार केलेला मला दिसला. तीस दिवस. दाराशी ठेवलेली पिशवी त्यांनी उचलून पलंगाखाली सारली. "बरं," म्हणाले, "सुई रुळेपर्यंत थांबतो. तुमच्या हातात दिली तर महिन्यात वाट लावाल."

दुसऱ्या दिवसापासून घराला वेळापत्रक लागले. दुपारी चार ते पाच, सुईचा तास. अण्णांनी तबकड्यांचे तीन ढीग केले. पहिला ढीग ज्यांचे काही बिघडले तरी चालेल अशांचा, दुसरा मध्यम, तिसरा जिवापाड जपायच्या तबकड्यांचा. नवा बैल पहिल्याच दिवशी चांगल्या शेतात घालायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हशाच्या जत्रेत बैल घेऊन आलेले शेतकरी त्यांनी जन्मभर पाहिले आहेत, त्यामुळे उपमा लगेच सापडली. नव्या जात्यावरचे पहिले पीठही खायला घेत नाहीत, ही माझी भर.

पहिला ढीग म्हणजे एक अजब चीज होती. त्यात बँडवर वाजवलेली संचलनाची गीते होती, कोणा कंपनीने भेट दिलेली जाहिरातीची तबकडी होती, आणि इंग्रजी उच्चारांचे धडे होते. शाळेसाठी म्हणून घेतलेले हे धडे अण्णांच्या पदरीच पडून राहिले होते. श्रावणातल्या दुपारी आमच्या खिडकीतून एक ब्रिटिश गृहस्थ शहापूरच्या रस्त्याला विचारू लागले, की स्टेशनाकडे कोणती वाट जाते. शेजारच्या वहिनींनी चौथ्या दिवशी येऊन विचारले, "परदेशी जायचं चाललंय का कोणाचं?"

अण्णांना या सगळ्यात जुन्या काळाची आठवण येई. त्यांच्या लहानपणी गावातल्या एका वाड्यात चावीचा फोनो होता. तिथे सुई नव्हे, 'पिन' म्हणत. पोलादाची, डबीत शंभरावर मिळणारी, आणि शहाणा माणूस दर बाजूला पिन बदली. अण्णांना वाटे की हा वाड्यावरच्यांचा श्रीमंती थाट. खरे कारण निराळे. गौहरजान यांचे गाणे कलकत्त्याला १९०२ साली ध्वनिमुद्रित झाले तेव्हापासून पुढे अर्धे शतक तबकड्या लाखेच्या होत. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला त्यांचा कारखाना निघाला. ही लाख म्हणजे आपल्या पळसावर, कुसुमावर किडे करतात ती. नुसती लाख मऊ, म्हणून तिच्यात दगडाची बारीक पूड कालवीत. आणि गंमत इथेच आहे! ती पूड मुद्दामच खरखरीत असे. पहिल्या काही फेऱ्यांत ती पोलादी पिनेचे टोक घासून घासून रेघेच्या मापाचे करी. म्हणजे त्या काळी पिन एका गाण्याच्या सुरुवातीला रुळे आणि शेवटाला झिजून निकामी होई. तीन मिनिटांत सारा संसार! पिन बदलली नाही तर टोकाची झालेली धार पुढल्या तबकडीला कापीत जाई.

१९४८ साली अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी निघाली, लाख गेली, गुळगुळीत प्लास्टिक आले, रेघ बारीक झाली आणि पिनेच्या जागी हिरा आला. हिरा पाचशे-हजार तास टिकतो. तीस तासांत त्याला काही होत नाही. तेव्हा आता रुळायचे ते टोकाने नव्हे, मागच्या रबराने. मला हे फार बरे वाटते. पूर्वी झिजणे यालाच रुळणे म्हणत. आता निदान सैल होण्यावर भागते. (सासरी आलेल्या आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.)

आठवड्याने अण्णांनी एक हिशेब काढला. इंग्रजीच्या मास्तरांना गणिताची एवढी हौस कुठून, नकळे. एका बाजूला सुई किती चालते? वीस मिनिटे, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे ६६७ फेरे. बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. सरासरी पासष्ट सेंटिमीटर धरा. झाले सव्वाचारशे मीटरांच्या वर. तासाला तीन बाजू, म्हणजे जवळपास तेराशे मीटर. तीस तासांना एकोणचाळीस किलोमीटर. पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "अगं, हे तर शहापूर-मुरबाड झालं, थोडंफार इकडेतिकडे!"

तेव्हापासून संध्याकाळी जेवताना सुई कुठवर आली, याची चर्चा होऊ लागली. वहीत तारीख, तास आणि पुढे गावाचे नाव. तेराव्या-चौदाव्या दिवशी सुई किन्हवलीला आली. ह्यांनी विचारले, "चहाला थांबली का?" अण्णा पहिल्यांदा मोठ्याने हसले.

मधेच वीज जाई. श्रावणात शहापूरच्या विजेचे काही सांगता येत नाही. थाळी मंदावत जाई आणि इंग्रजी शिकवणारे ते गृहस्थ एकेका शब्दागणिक पाताळात उतरत. मग अंधारात दांडा उचलायचा कोणी? अण्णा ओरडत, "हात लावू नका कोणी! येऊ दे वीज!" त्या ओरडण्यात नुसती काळजी नव्हती, हे मला माहीत होते. ती गोष्ट जुनी आहे.

१९९१ साली असेल. अशीच वीज गेलेली. आईला वाटले, सुई तबकडीवर राहिली तर खराब होईल. एका हातात चिमणी, दुसऱ्या हाताने तिने दांडा उचलला. हात कापला आणि सुई आडवी ओढली गेली. तबकडी किशोरी आमोणकरांची. ही बाजू भूपाची. अण्णांच्या तिसऱ्या ढिगात तेव्हाही ती सर्वांत वर होती. ओरखडा उजेडात धरला तर जेमतेम दिसे, पण त्या जागी आले की सुई उडी मारून दोन रेघा पुढे जाई. एक फेरा म्हणजे १.८ सेकंद; दोन फेऱ्यांचे साडेतीन सेकंद त्या भूपातून कायमचे गेले. अण्णा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. नंतर बोलले, पण अधूनमधून, पाहुण्यांसमोरही, "हा हिचा प्रसाद" असे म्हणत. वाईट हेतूने नव्हे. पण म्हणत.

आई गाणे ऐकताना भिंतीला टेकून खाली बसे. भूप लागला, की ती जागा जवळ आल्यावर उठे. "दूध ठेवलंय, बघून येते." उडी होऊन गेली, की परत येऊन बसे. पंचवीस-तीस वर्षे. मी लग्नाआधी कितीदा तरी पाहिले असेल, आणि दूध खरोखर ठेवलेले नसते, हे माझ्या लक्षात यायला मी स्वतः संसारी बाई व्हावे लागले. पुढे तोच भूप मी मोबाईलवर अखंड ऐकला, तेव्हा त्या साडेतीन सेकंदांत मला काहीतरी जास्तीचे, चुकीचे आल्यासारखे वाटले. कानाची अशी खोड असते.

कानावरून आठवले. वीसएक तास झाल्यावर अण्णांनी जाहीर केले, की आवाज उतरला. आता टोचत नाही, तबल्याला पोट आले. मलाही तसे वाटले. चिरंजीव शंकेखोर. त्याने पहिल्या दिवशी एक तुकडा कॉम्प्युटरवर मुद्रित करून ठेवला होता. तोच तुकडा त्याने आता पुन्हा घेतला आणि आम्हांला पाठ करून बसवून तीनदा ओळखायला लावले, जुना कोणता आणि नवा कोणता. अण्णा दोनदा बरोबर, एकदा चूक. मी एकदा बरोबर. ह्यांनी तीनही वेळा बरोबर सांगितले, पण ते पेपर वाचत होते आणि अंदाजाने बोलत होते, असे त्यांनीच नंतर कबूल केले.

तेव्हा रुळले कोण? माझे मत विचाराल तर थोडे रबर आणि पुष्कळसे आम्ही. रबर सैल होते हे खरे. सराफांचा काटा पुन्हा आणून तोलले तर वजनाचा काटा किंचित सरकलाही होता, तो सारखा करावा लागला. थंडीत रबर ताठते आणि उबेत नरमते, हेही खरे. पण तीन वर्षे ज्या घरात गाणे नव्हते, त्या घरातल्या माणसाच्या कानाला पहिल्या दिवशी कोणती सुई मऊ लागली असती?

यावरून एक मजेदार गोष्ट सांगते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली, ती आंतरतारकीय अवकाशात पोहोचली आहेत. त्यांवर एक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. हे पुष्कळांना माहीत असते. पुष्कळांना माहीत नसते ते हे, की तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही ठेवली आहे. आणि ती कशी लावायची, याची चित्रे वेष्टनावर कोरली आहेत. परग्रहावरच्या कोणी ती लावलीच, तर सुई कोरी करकरीत असणार! अण्णांना हे सांगितले तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, "अरे, मग पहिल्या तीस तासांसाठी एखादी टाकाऊ तबकडीही द्यायला हवी होती. थेट केसरबाई?" त्यांनी इंग्रजी उच्चारांची तबकडी देऊ केली.

सव्विसाव्या तासाला सुई सरळगावच्या पुढे होती. डॉक्टरांनी डोळा उत्तम झाल्याचे सांगितले. नवा चष्मा आला. त्या दिवशी मी कॉलेजातून आले, तो अण्णा खुर्चीत बसून डबीतले माहितीपत्रक वाचत होते. जपानी, इंग्रजी आणि आणखी पाच भाषांतले ते घडीचे पत्रक.

"काय वाचताय?"

"हेच. पहिल्या आठवड्यातही वाचलं होतं, भिंग लावून. आता चष्म्याने खात्री केली."

मी चहाला आधण ठेवायला निघाले.

"यात रुळवण्याबद्दल एक अक्षर नाही," ते म्हणाले. "रोज एक तास वगैरे तर नाहीच."

मला काय बोलावे सुचेना. "मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"तू इतकं शुद्ध मराठीत खोटं बोललीस, की मोडवेना." त्यांनी पत्रकाची घडी जशीच्या तशी घालून डबीत ठेवली. "चार तास राहिलेत. पुरे करू."

तीस तास भरले तो दिवस नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला. वहीत 'मुरबाड' असे लिहून झाले. पिशवी पलंगाखालून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. नारळीभात खाऊन जा म्हटले, तर म्हणाले, बागेत गवत माजले असेल. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी आपणहून तिसऱ्या ढिगातली वरची तबकडी काढली. पाकिटातून काढताना कडांना धरून, अंगठा मधल्या कागदावर टेकवून, जशी ते पूर्वी काढीत तशी. मऊ ब्रशाने पुसली. भूपाची बाजू वर ठेवली. दांडा त्यांनीच खाली सोडला. नव्या डोळ्याने त्यांना पहिली रेघ आता नीट दिसत होती.

आम्ही चौघे बसलो होतो. बाहेर पाऊस थांबला होता, पन्हळीतून ठिबकत होते. गाणे पुढे सरकू लागले. ती जागा जवळ येऊ लागली तशी माझी पाठ ताठ झाली. अण्णांनी मान थोडी खाली घातली. ठेच लागणार हे माहीत असलेला माणूस घालतो तशी.

एक बारीकसा 'टक्' झाला. आणि गाणे पुढे गेले. उडी नाही. ते साडेतीन सेकंद तिथेच होते, इतकी वर्षे, रेघेत जसेच्या तसे.

चिरंजीव हळूच म्हणाला, "ही सुई हलकी आहे, आजोबा. रेघ सोडत नाही. पहिल्या दिवशीही गेली असती." त्याचे कोणी ऐकले नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ओरखडा एवढा खोल नव्हता."

बाजू संपली. सुई शेवटच्या मोकळ्या रेघेत फिरत राहिली. दांडा उचलायला कोणी उठले नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मी अण्णांकडे. त्यांचे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होते.

"दूध ठेवलं आहेस का गं?" त्यांनी विचारले.

"नाही, अण्णा."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावण्यासाठी उठले.